"पप्पा, देव आहे हे सिद्ध करा, मी लगेच माळ घालते"

प्रश्न: ताई, नमस्कार. माझं तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे, शिक्षण दहावी. घरात चार पिढ्यांची वारी, मी माळ घातली तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. मुलगी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे. लहानपणी दरवर्षी वाखरीपासून पंढरपूरपर्यंत माझ्यासोबत चालायची. यंदा गणपतीत घरी आली आणि आरतीला उभीच राहिली नाही. आजी रागावली तेव्हा सगळ्यांसमोर मला म्हणाली, "पप्पा, देव आहे हे सिद्ध करा, मी लगेच माळ घालते. आणि देवानं जग बनवलं तर देवाला कोणी बनवलं ते पण सांगा." मला काहीच बोलता आलं नाही, नुसता बघत बसलो. गेल्या वर्षी माझ्या बहिणीचा मुलगा डेंग्यूनं गेला, अकरा वर्षांचा होता. मी बहिणीला समजावलं की पांडुरंगाची इच्छा, आपल्या हातात काय आहे. तेव्हापासून मुलगी गप्प गप्प असते, पण असं कधी बोलली नव्हती. आता फोन करते तो आईला करते. मला देव आहे हे सिद्ध करणारे पक्के मुद्दे पाहिजेत, दिवाळीला आली की तिला उत्तर द्यायचंय. — एक वारकरी बाप

उत्तर:

दादा, नमस्कार.

मुद्दे देते, सगळे देते. पण आधी एक, त्या दिवशी उत्तर आलं नाही याची लाज अजिबात वाटून घेऊ नका. मी एकतीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, हा विषय दरवर्षी शिकवला, आणि वर्गातलं कोणी उठून "मॅडम, मग आहे की नाही ते एकदाचं सांगा" म्हणालं की मी पण क्षणभर गप्पच व्हायचे. हजार वर्षांपेक्षा जास्त काळ मोठमोठी डोकी या प्रश्नावर भांडतायत, ते तुम्ही आरतीचं ताट हातात धरून दोन मिनिटांत कसं सोडवणार होता?

आणि दुसरं असं की मी फक्त तुमच्या बाजूचे मुद्दे देणार नाही, दोन्ही बाजूंचे देणार. कारण तिच्या हातात फोन आहे, तुमचा पक्का मुद्दा मोडणारा व्हिडिओ ती दोन मिनिटांत शोधून काढेल आणि तुम्ही परत नुसते बघत बसाल. त्यापेक्षा तो मुद्दा कुठं मोडतो ते तुम्हालाच आधी माहीत असलेलं बरं.

तुम्हाला हवा तसला सगळ्यात दणकट मुद्दा आपल्याच देशात तयार झाला. मिथिलेत उदयनाचार्य म्हणून होऊन गेले, दहाव्या शतकाच्या अखेरीला, न्याय दर्शनाचे म्हणजे लॉजिकवाल्यांचे मोठे आचार्य. त्यांनी न्यायकुसुमांजली नावाचा अख्खा ग्रंथ ईश्वर आहे हे सिद्ध करायलाच लिहिला. न्यायवाल्यांचा मूळ मुद्दा एका ओळीत बसतो: क्षित्यादिकं सकर्तृकं, कार्यत्वात्, घटवत्. म्हणजे पृथ्वी वगैरे सगळ्याला कोणीतरी कर्ता आहे, कारण त्या घडलेल्या गोष्टी आहेत, जसा घडा. माठ दिसला की कुंभार होता हे आपण धरूनच चालतो ना, कुंभाराला प्रत्यक्ष बघितलं नसलं तरी. मग एवढी पृथ्वी, एवढे डोंगर आपोआप कसे होतील?

आता यावर तुमच्या लेकीचा प्रश्न, मग देवाला कोणी बनवलं? व्हिडिओतनं हा प्रश्न असा फेकतात की जणू समोरचा जागेवर गार झाला पाहिजे, पण नैयायिकांनी त्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. ते "प्रत्येक गोष्टीला कर्ता लागतो" असं म्हणतच नाहीत. ते म्हणतात जी गोष्ट *घडलेली* आहे, तुकड्यांची जोडून बनलेली आहे, आधी नव्हती आणि मग झाली, तिला कर्ता लागतो. त्यांच्या मते परमाणू नित्य आहेत, आत्मे नित्य आहेत, ईश्वरही नित्य आहे, तो कधी "झाला"च नाही त्यामुळे त्याला कोणी करण्याचा प्रश्न येत नाही. तेव्हा दिवाळीत ती परत हेच म्हणाली तर एवढं तुम्ही शांतपणे सांगू शकता, आणि ती प्रामाणिक असेल तर तिला थोडा विचार करावा लागेल. युरोपात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडितानं तेराव्या शतकात देवाच्या बाजूनं पाच मार्ग मांडले, त्यातल्या पहिल्या-दुसऱ्या मार्गाची धाव साधारण अशीच आहे, कारणाला कारण, त्याला कारण, ही साखळी कुठंतरी टेकली पाहिजे.

पण हुरळून जाऊ नका, कारण हा मुद्दा मोडायला बसलेली माणसं सुद्धा आपलीच होती आणि चांगली कडक होती. मी हा भाग शिकवताना दरवर्षी वर्गात एक छोटं मडकं घेऊन जायचे, टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, यावरून काय काय कळतं सांगा. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, एरवी कधी न बोलणारी. म्हणाली, मॅडम, आमचं घर कुंभाराचंच आहे. हे मडकं एका माणसाचं नसतं. माती माझी आई तुडवते, चाकावर बाबा बसतात, अर्धवट सुकलं की आजी थापटून थापटून त्याचं पोट गोल करते आणि भट्टी लावतो चुलता. मडकं उचलून तिनं बुडाजवळचा आजीच्या थापटण्यासारखा खळगा सगळ्यांना बोट फिरवून दाखवला. आणि म्हणाली, मग मडक्यावरून देव काढायचा तर एकच देव कशावरून? आणि बाबांना माती आयती लागते, ते माती बनवत नाहीत, मग देवानं माती कुठनं आणली?

दादा, माझ्या अंगावर काटा आला होता. पहिला प्रश्न डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं विचारलाय, त्याचं या विषयावरचं पुस्तक तो गेल्यावर तीन वर्षांनी १७७९ साली छापलं गेलं, त्यात तो म्हणतो की घर किंवा जहाज बांधायला पुष्कळ माणसं लागतात, मग जग बांधायला एकच देव कशावरून. आणि आपल्याकडे कुमारिल भट्ट, हे वेदांचे कट्टर अभिमानी बरं का, मीमांसक, ते विचारतात की कुंभाराला शरीर असतं, हात असतात, तुमचा ईश्वर बिनशरीराचा, तो घडवणार कशानं? आणि करुणेपोटी जग केलं म्हणता तर जगाच्या आधी कोणी प्राणीच नव्हते, करुणा करायची कोणावर? जैन आचार्य जिनसेन नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या राज्यात, म्हणजे आपल्या याच दख्खनच्या मुलुखात विचारत होते की जग नव्हतं तेव्हा तो कर्ता उभा कुठं होता? आणि बौद्ध पंडित रत्नकीर्ती म्हणायचे की माठावरून कुंभार कळतो कारण माठ कसे होतात ते आपण बघितलेलं असतं, डोंगर होताना कोणाला करताना बघितलंय? मला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात भारी वाटतो. माठाचा अनुभव माठापुरताच चालतो.

यात एक गोष्ट तुमच्या आईंना, म्हणजे मुलीच्या आजीला सांगण्यासारखी आहे. मीमांसावाले आस्तिकच, वेद मानणारे, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना मान्य नाही. सांख्य हे आपलं आणखी एक जुनं दर्शन, त्याच्या सांख्यसूत्रांत तर सरळ "ईश्वरासिद्धेः" असं सूत्र आहे, ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. मनुस्मृतीत नास्तिक कोण तर वेदांची निंदा करणारा, देव न मानणारा असं तिथं नाहीये. तेव्हा घरात कोणी पोरीला "नास्तिक झाली, वाया गेली" म्हणत असेल तर त्यांना थांबवा. तिनं जो प्रश्न विचारला तो परदेशातनं आलेला नाही, तो इथं फार जुना आहे.

दुसरा मुद्दा लोक नेहमी देतात तो रचनेचा. डोळा बघा, फुलपाखरू बघा, एवढं सुबक आपोआप होतं का? विल्यम पेली नावाच्या इंग्लिश पाद्र्यानं १८०२ साली घड्याळाचं उदाहरण दिलं, माळावर घड्याळ सापडलं तर घड्याळजी असणारच. हा मुद्दा तुम्ही तिच्यापुढं काढू नका, मनापासून सांगते. १८५९ ला डार्विनचं पुस्तक आलं आणि लाखो वर्षांत बारीक बारीक बदल साठत जाऊन डोळा कसा होऊ शकतो ते समजलं. ती बी.एस्सी.ला आहे, ती तुम्हाला हे पण सांगेल की आपल्या डोळ्यात नसांचे धागे पडद्याच्या पुढच्या बाजूनं जातात म्हणून प्रत्येकाच्या डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो, ऑक्टोपसच्या डोळ्यात तो नसतो. मग घड्याळजी ऑक्टोपसवर जास्त खूश होता का? याच मुद्द्याचा नवा अवतार मात्र अजून जिवंत आहे, तो भौतिकशास्त्रातला, की निसर्गाचे जे मूळ आकडे आहेत ते जरा जरी इकडेतिकडे असते तर तारे झाले नसते, आपण झालो नसतो. त्यावर उत्तर देणारे म्हणतात की विश्वं पुष्कळ असतील, आपण अर्थात जिथं जगता येतं तिथंच असणार. यावर भले भले अजून वाद घालतायत, आणि यात शिकलेली बाजू तिची आहे, तेव्हा हा मुद्दा तुम्ही तिलाच विचारा, ती समजावून सांगेल. बाप विचारतोय आणि आपण समजावतोय, तिला किती बरं वाटेल बघा.

ॲन्सेल्म नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूचा नुसत्या व्याख्येवरून देव काढायचा मुद्दा आहे, अकराव्या शतकातला, ज्याच्याहून मोठं काही कल्पिता येत नाही तो देव, आणि तो नुसता मनात असून चालणार नाही, खराच असला पाहिजे. ऐकायला भारी, पण कांट या जर्मन तत्त्वज्ञानं त्याला शंभर नाण्यांचं उदाहरण दिलं, मनातली शंभर नाणी आणि खरी शंभर नाणी यांची कल्पना सारखीच असते, खिशात मात्र फरक पडतो. तुम्ही दुकानदार आहात, उधारी आणि रोख यातला फरक तुम्हाला मी काय सांगू. आणि "मानून काय जातंय, असला देव तर फायदाच" हे गावाकडे लोक सहज म्हणतात, पास्कालनं सतराव्या शतकात याचं रीतसर गणित मांडलं होतं, पण तुमच्या मुलीला हे चुकूनही म्हणू नका. तिला तुम्ही फायद्यासाठी खोटं बोलायला सांगताय असं तिला वाटेल, आणि त्यात तिचं चुकणार नाही.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले तिथं येते.

दादा, तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही मध्येच लिहून पुढं गेलात. बहिणीचा मुलगा, अकरा वर्षांचा, डेंग्यू. आणि तुम्ही म्हणालात पांडुरंगाची इच्छा. तुम्ही ते बहिणीला धीर द्यायला म्हणालात, मला माहितीये, त्या वेळी माणसाला दुसरं काही सुचत नाही. पण तिथं एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी उभी होती आणि तिनं ते वाक्य जसंच्या तसं ऐकलं. पांडुरंगाची इच्छा होती की हा मरावा. ज्याच्यासाठी पप्पा वारी करतात त्याची. मला वाटतं गणपतीतला प्रश्न तोंडानं "देवाला कोणी बनवलं" असा होता, आत दुसराच होता.

आणि आतला प्रश्न पहिल्यापेक्षा खूप जड आहे. देवाच्या विरोधातला सगळ्यात मोठा मुद्दा हाच, मी एकतीस वर्षांत याहून मोठा बघितला नाही. देव सगळं करू शकतो, देव दयाळू आहे, आणि तरी अकरा वर्षांची मुलं मरतात, या तीन गोष्टी एकत्र कशा नांदतात? १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये भूकंप झाला, सकाळची वेळ, सगळ्या संतांच्या सणाचा दिवस, चर्च भरलेली, ती माणसांवर कोसळली, लावलेल्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या आणि मागनं समुद्र आत आला. हे जग शक्य त्या जगांमधलं सगळ्यात चांगलं आहे असं तोवर युरोपातले मोठे मोठे लोक म्हणत होते, व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकानं त्यावर कविता लिहून त्यांना जाब विचारला. आपल्याला लिस्बनला जायची गरज नाही. किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते, दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून काही तासच झाले होते.

याला उत्तरं आहेत, नाही असं नाही. माणसाला स्वातंत्र्य दिलंय म्हणून दुष्टपणा आहे, असं एक उत्तर. ते खुनाला चालेल, डासाला आणि भूकंपाला कसं चालेल? दुःखातनं माणूस घडतो हे दुसरं. जो गेला तो कुठं घडला? आपल्या लहान बुद्धीला देवाचं कारण कळत नाही हे तिसरं, आणि लॉजिकनं बघायला गेलं तर हे उत्तर सहज पडत नाही. जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञांनी १९५५ मध्ये म्हटलं होतं की देव आणि दुःख यांच्यात सरळ विसंगती आहे, पुढं ॲल्विन प्लँटिंगानं दाखवलं की तशी कडेकोट विसंगती सिद्ध होत नाही, आणि ते आता बऱ्याच जणांना मान्य आहे. पण १९७९ ला विल्यम रो यांनी म्हटलं, ठीक आहे, विसंगती नसेल, पण कोणी नसलेल्या रानात वणव्यात होरपळून पाडस दिवसचे दिवस तडफडून मरतं, त्यातनं कोणाचं काय भलं झालं? अशा गोष्टी बघून देव नसावा असं वाटणं जास्त सयुक्तिक नाही का? इथं वाद अडकलाय.

आपल्याकडचं उत्तर कर्माचं. ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, हा आक्षेप नाव घेऊन आलाय, वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे देव पक्षपाती आणि निर्दय ठरतो, आणि सूत्रकार उत्तर देतात की नाही, तो ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे देतो. देवाची यातनं सुटका होते. पण किंमत कोण भरतं बघा, ते पोरच भरतं. तुमच्या बहिणीला कोणी म्हणालं का, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल? म्हणालं असेलच, आपल्याकडे दहाव्याच्या आत कोणी ना कोणी म्हणतंच. मला हे उत्तर मान्य नाही आणि शोकाच्या घरात ते बोलणं मला क्रूर वाटतं. ज्या दर्शनांनी ते मांडलं त्यांच्याबद्दल आदर ठेवून सांगते.

इथं एक चूक तुमच्या हातून होऊ शकते म्हणून आधीच सांगून ठेवते. हे वाचून तुम्ही म्हणाल, अच्छा, म्हणजे पोरगी दुःखात आहे म्हणून असं बोलतेय, दुःख ओसरलं की येईल लाईनवर. नाही हो. माणसाला एखादा विचार दुःखातनं सुचला म्हणून तो चुकीचा ठरत नाही. तसं असेल तर तुमची भक्ती तुम्हाला वडिलांकडनं आली म्हणून ती पण खोटी ठरेल, आणि तसं ती म्हणाली तर तिला पण हेच सांगा. विचार कुठनं आला ते वेगळं, खरा आहे का ते वेगळं. तिचा मुद्दा स्वतःच्या पायावर उभा आहे, त्याला तसाच मान द्या.

माझं स्वतःचं काय, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे, नाहीतर हे सगळं लिहिणं अप्रामाणिक होईल. जग घडवणारा आणि त्यावर लक्ष ठेवणारा कर्ता मला पटत नाही. दोन्ही बाजू इतकी वर्षं शिकवून दुःखाचा मुद्दाच मला जड पडला. पण "नाहीच" असं छाती ठोकून सांगायची पण माझी तयारी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नासदीय सूक्त आहे, त्याची शेवटची ओळ म्हणते की हे सगळं कुठनं झालं ते वरच्या आकाशातला जो याचा अध्यक्ष आहे त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. माझं मन तिथं टेकतं. तुमचं टेकायलाच पाहिजे असं नाही.

तुम्ही म्हणाल ताई, मग मी पोरीला सांगू काय? तुमच्याकडे तर माझ्यापेक्षा मोठा आधार आहे, तुकोबा आहेत. दुष्काळात घरदार बसलेला माणूस तो, "दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली" हे त्यांनी स्वतःबद्दल लिहिलंय, आणि "माझे लेखीं देव मेला" हा अभंगही त्यांचाच आहे. तुमच्या घरात गाथा असेलच, काढून बघा. तुकोबांनी कधी देव सिद्ध केला नाही, ते त्याच्याशी भांडले, रुसले, बोलणं टाकलं, परत गेले. तुमची माळ पण कोणी प्रूफ दाखवलं म्हणून गळ्यात आलेली नाही ना? मग तिच्या गळ्यात प्रूफ दाखवून माळ घालायचा सौदा तुम्ही कशाला करता. ती म्हणाली म्हणून? तिला सरळ सांगा, बाळा, मला सिद्ध करता येत नाही, आणि माळ सिद्ध करून घालायची गोष्ट नाही, तू नको घालूस.

फक्त "मला अनुभव आलाय" हा मुद्दा तिच्यावर चालवू नका. तुम्हाला पंढरीत जे वाटतं ते खरं आहे, तुमच्यासाठी. पण दुसऱ्याच्या अनुभवावर तिनं विश्वास का ठेवावा, आणि वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांना वेगवेगळ्या देवांचे अनुभव येतात, त्यांचं काय करायचं, हे ती विचारेल. अनुभव सांगायचा तर गोष्ट म्हणून सांगा, पुरावा म्हणून नको.

दिवाळीला ती आली की आल्या आल्या हा विषय काढू नका, आणि जेवताना तर नकोच. पहिल्यांदा भाच्याबद्दल बोला. त्या दिवशी मी "पांडुरंगाची इच्छा" म्हणालो, ते तुला कसं वाटलं ग, एवढंच विचारा आणि मग गप्प बसा, ती कितीही वेळ लावू दे. तिनं काही कडू बोललं तर ऐकून घ्या. तुम्हाला पण तो पोरगा आठवत असेल, तुमचे डोळे भरले तर भरू द्यात, पोरीनं बापाला त्याच्यासाठी रडताना बघितलं नसेल तर तिला वाटत असेल की पप्पांनी "इच्छा" म्हणून विषय मिटवून टाकला.

त्यानंतर कधीतरी, तिचा मूड बघून, वाद घालायचाच असेल तर आपल्या जुन्या पद्धतीनं घाला. शास्त्रात आधी पूर्वपक्ष मांडायचा असतो, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आणि ते असं मांडायचं की समोरचा म्हणाला पाहिजे, हो, मला हेच म्हणायचं होतं. तुम्ही देव नाही या बाजूनं बोला, तिला म्हणा तू देव आहे या बाजूनं बोल. तुम्हाला किल्लारी मांडायची आहे आणि तिला मडकं. मी वर्गात हे करून घ्यायचे आणि दर वेळी बघायचे, दहा मिनिटांत आवाज खाली येतात, कारण समोरचं म्हणणं स्वतःच्या तोंडानं बोलताना ते मूर्खपणाचं नाही हे आपोआप कळतं. आरतीला उभं राहायची सक्ती करू नका. तिच्याकडनं एवढंच मागा की आजी आरती करत असताना तिनं तोंड वाकडं करू नये, हे मागायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि उदयनाचार्यांचं एक राहिलं. ज्यांनी अख्खी कुसुमांजली ईश्वर सिद्ध करायला लिहिली ते सुरुवातीलाच म्हणतात की ही तर्काची चर्चा म्हणजे त्याची उपासनाच आहे. आणि शेवटाला, सगळे पुरावे देऊन झाल्यावर, देवालाच विनवतात. म्हणतात, एवढ्या सगळ्यानं धुऊनही ज्यांच्या हृदयात तू जागा करत नाहीस ते पाषाणासारखे कठीण मनाचे खरे, पण विरोध करता करता त्यांनीही तुझंच चिंतन केलंय, ते सुद्धा मनापासून, तर हे करुणावंता, वेळ आली की तूच कृपा करून त्यांना तार. देवाच्या बाजूनं इतकं जोरात भांडलेला माणूस समोरच्यांसाठी एवढं मागून थांबतो. हे तुम्ही तिला सांगितलंत तर मला आनंद होईल, आणि नसेल सांगायचं तर नुसतं स्वतःजवळ ठेवा.

पुढच्या आषाढीला वारीला निघण्याआधी तिला फोन करा, आईला नाही, तिला. म्हणा, वाखरीपासून चालशील का माझ्यासोबत, माळ नको, अभंग म्हणायचा नाही, नुसती चाल, तुला वाटेत जे विचारायचंय ते विचार. ती नाही म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका, पंढरपुरात पोचलात की परत फोन करा आणि जेवलीस का विचारा.

— तुमची ताई